वर्गव्यवस्थापन

वर्गव्यवस्थापन : शाळेच्या वर्गात अध्ययन-अध्यापन सुरळीत चालावे, यासाठी शिक्षकाने वेळ, जागा, साहित्य, कामाचा क्रम आणि विद्यार्थ्यांचे परस्परसंबंध यांची केलेली योजना म्हणजे वर्गव्यवस्थापन होय. सामान्य व्यवहारात या अर्थी ‘शिस्त’ हा शब्द वापरतात. तथापि शिस्त हा वर्गव्यवस्थापनाचा एक भाग असून बऱ्याच अंशी ती त्याचे फलित असते. गैरवर्तन घडल्यावर काय करावे, यापेक्षा ते घडण्याची कारणे कशी कमी करावीत, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे. त्याचा दुसरा पैलू शिक्षकाच्या स्वास्थ्याचा असून पूर्वी त्याचा फारसा विचार होत नसे. शिक्षकाचा वेळ, आवाज व अवधान ही वर्गातील सर्वांत मर्यादित साधने होत. ती कशी खर्ची पडतात, यावर अध्यापनाचा दर्जा आणि शिक्षकाची या व्यवसायात टिकून राहण्याची शक्ती ही दोन्ही अवलंबून असतात.

वर्गाचे स्वरूप : वर्गात एकाच वेळी अनेक घटना घडत असतात. शिक्षक फळ्यावर उदाहरण सोडवीत असताना एका मुलाची पेन्सिल मोडते, दोघांत कुजबूज चालते, कोणी बाहेर जाण्याची परवानगी मागतो आणि दारात हजेरीचा कागद घेऊन शिपाई उभा राहतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फिलिप जॅक्सन यांनी लाइफ इन क्लासरूम्स (१९६८) या ग्रंथात प्राथमिक शिक्षकाचे विद्यार्थ्यांशी होणारे लहानमोठे व्यवहार दिवसाला एक हजारापर्यंत जाऊ शकतात, असे नमूद केले आहे. वॉल्टर डॉइल यांनी घटनांची विविधता, त्यांचे एकाच वेळी घडणे, तत्काळ प्रतिसादाची निकड, अनिश्चितता, सर्वांदेखत होणारे व्यवहार आणि वर्गाचा पूर्वेतिहास ही वर्गजीवनाची वैशिष्ट्ये सांगितली आहेत. अशा स्थितीत प्रत्येक गोष्टीचा निर्णय त्या त्या क्षणी घ्यावा लागला, तर दिवसअखेर शिक्षक थकून जातो. पुष्कळशा निर्णयांची गरजच पडू नये, अशी पूर्वव्यवस्था करणे हे म्हणूनच वर्गव्यवस्थापनाचे सूत्र मानले जाते.

ऐतिहासिक आढावा : एका शिक्षकाने अनेकांना कसे शिकवावे, हा प्रश्न जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्रू बेल यांनी मद्रासच्या सैनिकी अनाथालयात, मलबारी मुलांच्या शाळेत वाळूवर अक्षरे गिरविण्याची रीत पाहून, पुढे गेलेल्या मुलांकडून मागे राहिलेल्यांना शिकविण्याची पद्धत रूढ केली. इंग्लंडमध्ये तिचा व जोसेफ लँकेस्टर यांच्या तत्सम पद्धतीचा मोठा प्रसार झाला. ती काटकसरीची होती. मात्र तिच्यात पाठांतर व कवायती वळण यांवर भर राहिला.

विसाव्या शतकात बालकेंद्री विचाराने व्यवस्थेचा अर्थ बदलला. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी भावनगर येथे १९२० मध्ये स्थापिलेल्या बालमंदिरात छडी, भीती व बक्षिसाचे आमिष यांना स्थान नव्हते. त्यांच्या दिवास्वप्न या गुजराती पुस्तकातील शिक्षक पहिल्याच दिवशी गोंगाटापुढे हतबल होतो आणि पुढे गोष्टीच्या साहाय्याने वर्ग जिंकतो. नवशिक्या शिक्षकाच्या अनुभवाचे इतके प्रामाणिक चित्र शैक्षणिक वाङ्मयात विरळाच आढळते. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ (१९१०–९२) यांच्यासह कोसबाड येथे केलेल्या कार्यात ही व्यवस्था परिसराशी जोडली गेली. मुले शाळेत येत नसतील, तर शाळेने मुलांच्या अंगणात व कुरणात जावे, असा तो विचार होता. [→ बालशिक्षण].

कूनिन यांचे संशोधन : वर्गव्यवस्थापनाचा शास्त्रीय अभ्यास प्रामुख्याने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांच्या संशोधनापासून सुरू झाला असे मानतात. महाविद्यालयात शिकवीत असता मागे वृत्तपत्र वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी खडसावले. त्याबरोबर ज्यांना काहीही म्हटले नव्हते, ते विद्यार्थीही सावरून बसले. या तरंगपरिणामाचा शोध घेताना त्यांनी अनेक वर्गांचे चित्रमुद्रण करून विश्लेषण केले. ताकीद देण्याची कोणती पद्धत यशस्वी शिक्षकाला इतरांपासून वेगळे करते, हे शोधण्याचा त्यांचा हेतू होता. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता : गैरवर्तनानंतर काय केले, या बाबतीत यशस्वी व अयशस्वी शिक्षकांत उल्लेखनीय फरक आढळला नाही, फरक होता तो गैरवर्तन होण्यापूर्वीच्या कृतींत.

या कृतींपैकी पुढील महत्त्वाच्या होत : (१) सर्वावधान : वर्गाच्या प्रत्येक कोपऱ्यात काय चालले आहे, हे शिक्षकाला ठाऊक असल्याची जाणीव विद्यार्थ्यांना असणे. चुकीच्या मुलाला बोलणे किंवा खोडी पसरल्यावर उशिरा बोलणे, या दोन चुकांमुळे ही जाणीव नाहीशी होते. (२) युगपत् अवधान : एका मुलाची वही पाहताना इतर गटांवरील लक्ष न सोडणे. (३) सलगता : गणिताच्या वह्या काढायला सांगून लगेच भाषेच्या गृहपाठाची चौकशी करणे, क्षुल्लक चुकीवर लांबलचक प्रवचन देणे, यांसारख्या गोष्टी पाठाचा ओघ तोडतात आणि त्या खंडातच गडबड शिरते. (४) सामूहिक सजगता : प्रश्न आधी विचारून नाव नंतर घेणे, म्हणजे उत्तराचा विचार सर्वांनाच करावा लागतो. या कृतींना जादा साधनांची गरज नसल्याने मोठ्या पटाच्या वर्गांतही त्या उपयुक्त ठरतात.

वर्गातील प्रत्यक्ष योजना : टेक्सस राज्यातील तिसरीच्या वर्गांचा एडमंड एमर, कॅरोलिन एव्हर्टसन व लिंडा अँडरसन यांनी केलेला अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. परिणामकारक शिक्षक वर्षाच्या पहिल्या आठवड्यांत नियम व कामाच्या रीती धड्याप्रमाणे शिकवितात, त्यांचा सराव करून घेतात व पाठपुरावा करतात, असे त्यात दिसून आले. नियम चार-पाचच असावेत आणि ते ‘काय करू नये’ यापेक्षा ‘काय करावे’ या स्वरूपात सांगावेत. वह्या गोळा करणे, पाणी पिण्यास जाणे, गटात बसणे व काम लवकर संपल्यास पुढे काय करायचे हे ठरविणे, या चार रीती पक्क्या झाल्या, तरी दिवसभरातील पुष्कळशी विचारपूस थांबते. वर्ग शांत करण्यासाठी हात वर करणे किंवा ठरावीक टाळी वाजविणे, यांसारखी एकच खूण वर्षभर वापरावी. तिच्यामुळे आवाजाची बचत होते.

प्रश्नोत्तरांत प्रतीक्षाकालाला विशेष महत्त्व आहे. मेरी बड रो यांना विज्ञानाच्या पाठांत असे आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेला असता उत्तरे अधिक विस्तृत झाली, निरुत्तर राहण्याचे प्रमाण घटले आणि एरवी मंद समजल्या जाणाऱ्या मुलांचा सहभाग वाढला. शिक्षकालाही त्या अवकाशात श्वास घेण्यास व विचार करण्यास सवड मिळते.

शिक्षकाचा सर्वाधिक वेळ लेखी काम तपासण्यात जातो. प्रत्येकी ३ मिनिटे धरली, तरी ५० वह्यांना अडीच तास लागतात. चार तुकड्यांना शिकविणाऱ्या माध्यमिक शिक्षकाला एका गृहपाठासाठी १० तास द्यावे लागतील. रोज प्रत्येक वही लाल शाईने भरण्याऐवजी एका खेपेस एकाच प्रकारच्या चुका पाहणे, आठवड्याला पाळीपाळीने एकेका गटाच्या वह्या बारकाईने तपासणे, गणितातील उत्तरे वर्गातच परस्परांकडून पडताळून घेणे व वारंवार आढळलेली चूक फळ्यावर सर्वांना समजावणे, हे पर्याय श्रम वाचवितात. यांमुळे विद्यार्थ्यास मार्गदर्शनही लवकर मिळते.

बहुवर्ग अध्यापन : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत विद्यार्थ्यांना दोन शिक्षक विहित आहेत. त्यामुळे वाडीवस्तीवरील लहान शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असणे अपरिहार्य ठरते. तत्पूर्वी १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा योजनेत एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक देण्यावर भर होता. अशा वर्गात तासिकेची विभागणी महत्त्वाची असते. उदा., ४० मिनिटांच्या तासिकेत प्रथम तिसरी व चौथीला एकत्र तोंडी हिशेब द्यावेत. नंतर चौथी लेखी उदाहरणे सोडवीत असता तिसरीला नवा भाग शिकवावा. तिसरी जोडीने सराव करीत असता चौथीकडे वळावे आणि अखेरीस दोहोंचे काम पडताळावे. कर्नाटकात १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेला ‘नली-कली’ हा उपक्रम आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या प्रयोगावर आधारलेला होता. त्यात अभ्यासक्रमाचे लहान टप्पे व कृतिपत्रे यांच्या आधारे प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे जाते. शिक्षकाला एकाच वेळी सर्वांशी बोलावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

शिक्षा व वर्तन : वरील अधिनियमाच्या कलम १७ अन्वये विद्यार्थ्यास शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. शिक्षेने गोंगाट क्षणभर थांबतो, म्हणून ती परिणामकारक भासते. परंतु गैरवर्तनाचे कारण तसेच राहते. न समजलेला धडा, उपाशीपोटी शाळेत येणे, घरातील ताण, कमी ऐकू येणे किंवा फळा नीट न दिसणे, यांसारखी कारणे वरकरणी उद्धटपणाच्या रूपात प्रकट होऊ शकतात. मुलाशी एकांतात व थोडक्यात बोलणे, त्याच्या कृतीचा उल्लेख करणे पण त्याच्या स्वभावावर शिक्का न मारणे आणि दुसऱ्या दिवशी नवी सुरुवात करणे, हे उपाय अधिक टिकाऊ असतात.

शिक्षकाचे स्वास्थ्य : १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी सेवाव्यवसायांतील व्यक्तींच्या ‘बर्नआउट’ या अवस्थेकडे लक्ष वेधले. तिला मराठीत कार्यजन्य शक्तिक्षय म्हणता येईल. क्रिस्टिना मॅस्लॅक व सुझान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तिची तीन लक्षणे मोजणारी प्रश्नावली तयार केली : भावनिक थकवा, ज्यांची सेवा करायची त्यांच्याविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही साध्य होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेची नोंद आजार म्हणून न करता व्यवसायाशी निगडित घटना म्हणून केली आहे. शिक्षकाच्या बाबतीत दुसरे लक्षण विशेष चिंतेचे असते. कारण मुलांविषयीची आस्था आटली, की उत्तम पाठटाचणही निर्जीव होते.

आवाजाचे विकार शिक्षकांत इतर अनेक व्यवसायांच्या तुलनेत अधिक आढळतात. वरचेवर घोट-घोट पाणी पिणे, गोंगाटावर आवाज न चढविता ठरलेली खूण वापरणे, दूरच्या मुलाशी ओरडून बोलण्याऐवजी त्याच्याजवळ जाणे आणि तोंडी व लेखी कामाच्या तासिका आलटून-पालटून घेणे इष्ट असते. दोन-तीन आठवडे घोगरेपणा टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. घरी न्यावयाच्या कामाची वेळ ठरवून घेणे, दिवसातील थोडा वेळ शाळेच्या विचारांपासून मुक्त ठेवणे, पुरेशी झोप व नियमित व्यायाम हेही उपयुक्त ठरतात. अवघड वर्गाविषयी सहकाऱ्याशी मोकळेपणाने बोलणे सर्वांत महत्त्वाचे आहे. अनेक शिक्षक वर्ग आवरत नसल्याचे लपवितात. तसे मान्य करणे ही आपली अपात्रता मानली जाईल, अशी भीती त्यांना वाटते. हे एकटेपण शक्तिक्षयास पोषक ठरते. परस्परांचे पाठ पाहणे व त्यावर दोषारोपाविना चर्चा करणे, ही प्रथा जेथे रूढ होते, तेथे नव्या शिक्षकाला वेळीच आधार मिळतो.

मर्यादा व संस्थात्मक जबाबदारी : वैयक्तिक उपायांना मर्यादा आहेत. पट प्रमाणाबाहेर असेल किंवा माहितीचे तक्ते भरण्यात शिकविण्याचा वेळ जात असेल, तर शिक्षकाला केवळ मनःशांतीचा उपदेश करणे अन्यायाचे होय. उपरोक्त अधिनियमात प्राथमिक स्तरावर ३० व उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, तसेच पूर्वतयारीसह आठवड्याला किमान ४५ तास काम असे मान आहे. याचा अर्थ असा, की पूर्वतयारी हा कामाचाच भाग असून ती फावल्या वेळेची गोष्ट नाही. कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुकांची कामे वगळता शिक्षकांना शिक्षणेतर कामे देता येत नाहीत. मुख्याध्यापकाने वेळापत्रकात रिकाम्या तासिका राखणे, एकच माहिती वारंवार न मागविणे, चालू तासिकेत सूचना न पाठविणे व नव्या शिक्षकाकडे सर्वांत अवघड तुकडी न सोपविणे, या खर्चाविना करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. वर्गातील शांतता हे चांगल्या वर्गव्यवस्थापनाचे एकमेव गमक नव्हे. मुले कामात गढलेली असणे आणि शेवटच्या तासिकेनंतरही शिक्षकाजवळ उद्याच्या पाठाचा विचार करण्याइतकी शक्ती उरलेली असणे, ही त्याची अधिक विश्वसनीय लक्षणे होत.