जाहिरात : एक दर्शनी हुंडी

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या २०२७ च्या सिंहस्थाचे वेध लागताच मेन रोडपासून पंचवटीपर्यंत फलकांची गर्दी वाढत जाईल. लहान-मोठा प्रत्येक व्यापारी जाहिरातीवर खर्च करील. मात्र त्यातील किती पैसा सार्थकी लागेल, हे केवळ खर्चाच्या आकड्यावरून ठरत नाही.

२०१३ च्या प्रयाग कुंभमेळ्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हिंदुस्तान युनिलिव्हरने लाइफबॉय साबणाची जाहिरात तेथे चक्क पोळीवर केली. भोजनालयांतील सुमारे २५ लाख पोळ्यांवर, लाइफबॉयने हात धुतले का, असा हिंदी प्रश्न शाईविना, केवळ तापलेल्या ठशाने उमटविण्यात आला. घास घेण्यासाठी हात पुढे होतो, नेमक्या त्याच क्षणी हात धुण्याचे स्मरण झाले. स्थळ आणि वेळ अचूक साधली की मोजके शब्दही पुरेसे होतात.

दुसरा गुण सातत्याचा. १९६६ पासून ‘अमूल’ची ठिपक्यांच्या फ्रॉकातील मुलगी ताज्या घडामोडींवर मिस्कील भाष्य करीत आली आहे. विषय रोज नवा, चेहरा तोच. दर दिवाळीला घोषवाक्य बदलणाऱ्या पेढीला अशी ओळख लाभत नाही.

तिसरा गुण सर्वांत मोलाचा. जळगावचे सुवर्णव्यावसायिक रतनलाल बाफना यांनी १९७४ मध्ये स्वतःची पेढी सुरू केली. ‘जहाँ विश्वास ही परंपरा है’ हे तिचे ब्रीद खानदेशात घरोघरी पोहोचले. सोन्यावरील हॉलमार्क २००० साली आला. तोवर शुद्धता पारखण्याचे साधन सामान्य गृहिणीच्या हाती नव्हते. ती सोन्याबरोबर सराफाचा शब्दही विकत घेत असे. बाफनांनी नेमके त्या शब्दालाच ब्रीद केले. शाकाहाराचा त्यांनी आयुष्यभर केलेला प्रचारही त्यांच्या नावाशी एकरूप झाला. आचरणाचा आधार असल्यामुळे ते वाक्य लोकांच्या मनात टिकले.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘हीनाधिक मानोन्मान’ म्हणजे मापात फरक करणे आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे अस्सल म्हणून बनावट माल देणे, हे दोन आहेत. फलकावर एक दाखवून गल्ल्यावर दुसरेच देणारी, ‘५० टक्के सूट’ देण्यापूर्वी किंमत वाढवून ठेवणारी जाहिरात याच वाटेने जाते. तिची फसवणूक ध्यानात आली की गिऱ्हाईक पुन्हा त्या पेढीची पायरी चढत नाही. आणि आजोबांनी कमावलेली पत नातवाच्या हातून एका हंगामात जाते.

म्हणून फलक छापण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : सांगायचे ते एकच आहे काय, ते ग्राहकाला गरजेच्या वेळी दिसेल काय, आणि दुकानातील शेवटचा नोकरही ते वचन पाळू शकेल काय. जाहिरात ही दर्शनी हुंडीच आहे. ग्राहक ती घेऊन दारी येईल, त्या क्षणी ती वटलीच पाहिजे.