अंगणाविना मशीद : गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील एक धाडस

मध्ययुगीन भारतातील जामा मशीद, म्हणजे शुक्रवारच्या सामुदायिक नमाजाची मुख्य मशीद, बहुधा मोकळ्या अंगणाभोवती बांधली जाई. पश्चिमेला, मक्केच्या दिशेने, प्रार्थनेचे दालन, उरलेल्या बाजूंना ओवऱ्या आणि मध्ये उघडे आकाश, अशी ती रचना असे. देवगिरीच्या किल्ल्यात १३१८ मध्ये देवळांचे खांब वापरून उभारलेली मशीद याच धाटणीची आहे. गुलबर्ग्याच्या (आजच्या कलबुर्गीच्या) किल्ल्यातील जामा मशिदीत मात्र अंगणच नाही.

१३४७ मध्ये दौलताबादेत राज्याभिषेक झाल्यावर बहमनी सल्तनतीचा संस्थापक अलाउद्दीन हसन बहमनशाह याने आपली राजधानी गुलबर्ग्यास नेली. त्याचा मुलगा पहिला मुहम्मदशाह गादीवर असताना, १३६७ मध्ये, ही मशीद बांधली गेली असे तेथील शिलालेख सांगतो, आणि बांधणाऱ्याचे नाव रफी, इराणातील कझवीनचा, असे देतो. वास्तू मुळात मशीद म्हणूनच बांधली गेली का, याविषयी अलीकडच्या काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे. परंतु दख्खनच्या एवढ्या मोठ्या वास्तूशी तिच्या कर्त्याचे नाव जोडलेले असावे, हेच दुर्मीळ आहे.

सुमारे २१६ फूट लांब आणि १७६ फूट रुंद असे हे सारे क्षेत्र छताखाली आहे. अंगण गेले की उजेडाची वाटही जाते, आणि या मशिदीचे खरे कर्तृत्व त्या अडचणीच्या उत्तरात आहे. पश्चिमेची भिंत भरीव ठेवून उरलेल्या तिन्ही बाजूंच्या ओवऱ्या बाहेरच्या अंगाला खुल्या केल्या. त्यांच्या कमानी फार रुंद असून ठेंगण्या आधारांवरूनच वळू लागतात, त्यामुळे नजर वर चढण्याऐवजी आडवी लांबवर जाते आणि उजेड बाजूंनी आत शिरतो. मधले क्षेत्र चौरस खणांत विभागले असून प्रत्येक खणावर लहान घुमट आहे. चार कोपऱ्यांवर त्यांहून मोठे घुमट आहेत, तर मिहराबासमोर, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यापुढे, नऊ खणांची जागा व्यापणारा मुख्य घुमट उंच चौकोनी बैठकीवर उभा आहे. नक्षीकाम जवळजवळ नाहीच; गिलाव्याच्या साध्या पृष्ठभागांवर कमानीमागून कमान सरकत जाते, आणि एवढ्या थोड्या साधनांत साधलेले हे गांभीर्य दख्खनमध्ये क्वचितच आढळते.

छताच्या या विस्तारामुळे स्पेनमधील कोर्दोबाच्या मशिदीशी तिची तुलना वारंवार केली गेली, ती मात्र पटण्याजोगी नाही, कारण कोर्दोबाला संत्र्याच्या झाडांचे अंगण आहे आणि तेथील छप्पर घुमटांच्या ओळींचे नसून मुख्यतः लाकडी आहे.

पंधराव्या शतकात राजधानी बिदरला गेली, तरी रफीचा हा प्रयोग त्या प्रमाणावर दख्खनमध्ये पुन्हा झाला नाही. विजापूरच्या आदिलशाही जामा मशिदीत भव्य घुमट आला, पण त्याच्यापुढे अंगणही परतले.