४२९४९६७२९७ : एका मोठ्या संख्येची हकीकत

पांच उदाहरणें जमलीं कीं नियम सिद्ध झाला, असें पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें; आणि खरें सांगावयाचें तर शिक्षकांसही हा मोह कधीं कधीं पडतो. या मोहापासून सावध करणाऱ्या एका संख्येची हकीकत आम्ही येथें देत आहों.

एकाहून मोठ्या ज्या संख्येस एक व ती स्वतः यांवांचून कोणत्याही पूर्ण संख्येनें निःशेष भाग जात नाहीं, ती अविभाज्य. दोहोंपासून आरंभ करून वर्गाचा वर्ग करीत जावें : २, ४, १६, २५६, ६५५३६. प्रत्येकींत एक मिळविला असतां ३, ५, १७, २५७, ६५५३७ या संख्या येतात. या पांचही अविभाज्य आहेत. फ्रान्सांतील तुलूझ येथील न्यायाधिकारी पिएर फर्मा यानें १६४० सालीं आपल्या पत्रांत, अशा सर्वच संख्या अविभाज्य असाव्या, असें मत दिलें. मात्र पूर्ण सिद्धता हातीं नाहीं, हेंही त्यानें तेव्हां कबूल केलें.

सहावी संख्या ४२९४९६७२९७, म्हणजे चार अब्ज एकोणतीस कोटींहून अधिक. ती पारखण्यास ६५५३६ पर्यंतच्या ६५४२ अविभाज्य संख्यांनीं भागून पाहावें लागेल! १७२९ सालीं गोल्डबाख यानें हा प्रश्न ऑयलरपुढें ठेविला. बाझल येथील एका पाळकाचा हा मुलगा त्या वेळीं रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें होता. १७३२ सालीं त्यानें दाखविलें कीं, या संख्येस ६४१ नें निःशेष भाग जातो व भागाकार ६७००४१७ येतो.

हिचा कोणताही अविभाज्य भाजक ६४ च्या पटींत १ मिळवून होणाराच असतो, हें ऑयलरनें पुढें सिद्ध केलें. तशा अविभाज्य संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पहिल्या चार निष्फळ ठरतात; पांचवी लागू पडते. कोठें ६५४२ भागाकार आणि कोठें पांच!

भागाकार न करितांही हें पटवितां येतें. ६४० हे ६४१ हून एकानें कमी. म्हणून ६४० चा चौथा घात ६४१ नें भागल्यास बाकी १ उरते. परंतु ६४० म्हणजे ५ गुणिले १२८. तेव्हां तो चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आतां ६२५ म्हणजे ६४१ वजा १६. पैकीं ६४१ चा भाग निःशेष जातो. राहतो तो वजा १६ गुणिले २ चा २८ वा घात, म्हणजेच वजा २ चा ३२ वा घात. याचीही बाकी १ च असली पाहिजे. अर्थात् २ च्या ३२ व्या घातांत १ मिळविला असतां ६४१ नें निःशेष भाग जातो; आणि तीच आपली संख्या.

येणेंप्रमाणें फर्माचें मत खोटें ठरलें. परंतु त्याच्या संख्या वायां गेल्या नाहींत. १७९६ सालीं, वयाचीं एकोणीस वर्षेंही न भरलेल्या गाउसनें, पट्टी व कंपास यांनीं समभुज सतरा कोनांची आकृति काढतां येते, हें १७ या संख्येच्या गुणधर्मावरून सिद्ध केलें.

सहाव्यापासून तेहतिसाव्यापर्यंतच्या सर्व संख्या विभाज्य असल्याचें आतां ठाऊक झालें आहे. मग पुढें एकही अविभाज्य नाहीं, असें म्हणावें काय? तसें म्हटल्यास पुन्हा तीच चूक होईल. कारण याचीही सिद्धता अद्याप कोणास सांपडलेली नाहीं. फर्माचा तर्क चुकला, तरी त्याची ती कबुली चुकली नव्हती. आपल्या विद्यार्थ्यांनीं ६४१ व ६७००४१७ यांचा गुणाकार घरीं स्वतः करून पाहावा. आमच्या शब्दावर विसंबूं नये.