ना. वा. टिळकांचे अभंग : ईश्वराभिमुखता आणि कृतज्ञभाव

लोहा-कंधार परिसरातील विद्यार्थ्याला अभंगाची ओळख पाठ्यपुस्तकातून होत नाही. ती हरिपाठातून, सप्ताहातील कीर्तनातून, म्हणजे कानावाटे आधीच झालेली असते. त्यामुळे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा एखादा ख्रिस्तपर अभंग वर्गात आला की त्याची चाल ओळखीची आणि आराध्य अनोळखी, असा अनुभव त्याला येतो. अशा वेळी अध्यापकापुढे दोन सोपे मार्ग असतात. विठ्ठलाच्या जागी ख्रिस्ताचे नाव आले, एवढाच फरक आहे, असे सांगणे हा एक. धर्मप्रचारासाठी उसना घेतलेला रचनाबंध म्हणून ती रचना बाजूला सारणे हा दुसरा. या दोन्ही मार्गांनी टिळकांच्या अभंगातील मूळ भावव्यापार हाती लागत नाही.

अंतःकरण ईश्वराकडे वळणे ही ख्रिस्ती भक्तीतील पायाभूत कल्पना होय. नव्या करारातील तद्वाचक ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे असा आहे, तर जुन्या करारातील हिब्रू शब्दाचा अर्थ परत फिरणे असा आहे. मराठी बायबलातील ‘पश्चात्ताप’ या शब्दात केल्या कर्माचे दुःख ठसठशीतपणे उमटते. पण परत फिरण्याचा, घराकडे येण्याचा अर्थ मागे पडतो. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात हाच अर्थ मध्यवर्ती आहे. मुलगा क्षमायाचनेचे शब्द मनाशी जुळवीत घराकडे निघतो. तो दूर असतानाच बाप त्याला पाहतो आणि धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. ते शब्द उच्चारले जाण्यापूर्वीच मुलाचा स्वीकार झालेला असतो. ख्रिस्ती कृतज्ञतेचे मर्म या क्रमात आहे. भक्त कृपा मिळावी म्हणून वळतो, त्याहूनही कृपा मिळून चुकली आहे, हे कळल्यामुळे वळतो. प्रभुभोजनाच्या विधीला प्राचीन काळापासून असलेल्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी कृतज्ञता व्यक्त करणे असा आहे.

हा भाव मराठीत मांडण्याची भाषा कोणती, हा खरा प्रश्न होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीत रचून त्याचे एक उत्तर दिले होते. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट उपासनेत मात्र इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते रूढ झाली. तत्कालीन अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट चोखाळली, हा अपवाद महत्त्वाचा आहे. ‘उपकारस्तुती’ हा उपासनेतील शब्द अर्थाने अचूक असला, तरी तो व्यासपीठावरचा वाटतो. याउलट ‘उतराई होणे’ या शब्दप्रयोगामागे न फिटणाऱ्या ऋणाची सारी संतपरंपरा उभी असते. टिळकांनी अभंगाचा स्वीकार केला तेव्हा केवळ छंद आला नाही. ऋणाची, लीनतेची, सलगीची ही भाषाही आली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, या आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. ख्रिस्ताला माउली आणि गुरू मानणारी त्यांची भक्ती त्या पुलाची साक्ष देते.

तथापि हे साम्य फार ताणू नये. वारकरी भक्त नाम घेतो. टिळकांच्या भक्ताचे स्मरण एका घटनेकडे, क्रुसावरील मरणाकडे, पुन्हा पुन्हा जाते. त्याची कृतज्ञता त्या घटनेला बांधलेली आहे. जिथे हे स्मरण सिद्धान्ताच्या रूपाने येते तिथे टिळकांची रचना उपदेशाकडे झुकते, हे मान्य करावयास हवे. जिथे ते सलगीने येते तिथे अभंग जिवंत होतो.

या वळण्याची किंमतही लक्षात घ्यावी लागते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. एकत्र आल्यानंतरही त्यांनी आपला धर्म लगेच सोडला नाही. जातिभेद ईश्वराने निर्माण केलेला नाही, हे आधी त्यांच्या मनाला पटले आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा प्रवास त्यांनी कसलाही आव न आणता, विनोदाची साथ न सोडता सांगितला आहे. ईश्वराभिमुखतेचा अभ्यास करणाऱ्याने टिळकांच्या अभंगांच्या जोडीला हे गद्य वाचावेच, कारण अभंगात जे एका क्षणाचे वाटते ते येथे वर्षांच्या हिशेबाने दिसते.

१९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले. तेव्हा ‘ख्रिस्तायन’चे मोजकेच अध्याय लिहून झाले होते, पुढचे लक्ष्मीबाईंनी लिहिले.