श्वास लांबवला की काय होतं?

मंडळी, इथं अनसिंगात सोयाबीन काढणीला आलं आणि आभाळ भरलं, की आपली छाती धडधडते, झोप उडते. शरीराला वाघ आणि कर्ज यातला फरक कळत नाही हो! दोन्हीला ते ॲड्रेनालिनच सोडतं. पण श्वास सोडताना व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाची गती कमी करतो. म्हणून आपण ४ मोजत श्वास घेऊ, ६ मोजत सोडू. मिनिटाला साधारण ६ श्वास. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला. यानं कर्ज फिटत नाही, हे आम्हालाही कळतं. पण बँकेत बोलताना आवाज कमी कापतो. आणि जगणंच नको वाटलं, तर टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा. रात्रीही उचलतात, पैसे लागत नाहीत.