इंजिन अडखळते तेव्हा

कोपरगाव स्टेशनावर रेल्वे थांबली की शिर्डीस जाणारे भाविक बाहेर पडतात, आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या वाहनांत जुन्या गाड्याही पुष्कळ असतात. या गाड्या चालविणाऱ्या मंडळींची गाऱ्हाणी ऐकणे हा आमचा नित्याचा उद्योग. भाडे, परवाना, कर्जाचा हप्ता या तक्रारींचा आम्हांस सराव आहे. परंतु अलीकडे एक निराळी तक्रार वारंवार कानी येते. ‘पाय दाबला की गाडी उचल घेत नाही, क्षणभर गुदमरते, मग धक्का देऊन पळते. मिस्त्री म्हणतो, सेन्सर गेला.’ सेन्सर बदलतात, हजारो रुपये जातात, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ज्याचे पोट रोजच्या फेऱ्यांवर आहे त्याला हा खर्च म्हणजे पंधरवड्याची कमाई होय. म्हणून या विषयाची फोड करणे आम्हांस अगत्याचे वाटले.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा तिच्यात कार्ब्युरेटर होता. हवा ओढली जाई, तिच्याबरोबर पेट्रोल ओढले जाई, आणि मिश्रण कमी-जास्त झाले तर मिस्त्री पेचकसाने स्क्रू फिरवी. २००० सालच्या सुमारास धुराचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटरची जागा इंजेक्टरांनी घेतली. १ किलो पेट्रोल नीट जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हा हिशेब आता एक लहानसा संगणक क्षणोक्षणी करतो. पण हा संगणक पडला आंधळा! बाहेर काय चालले आहे ते त्याला सेन्सर सांगतात. एक सांगतो की चालकाचा पाय किती दाबला गेला, एक सांगतो की आतल्या नळीत हवेचा दाब किती, एक पाण्याचे तापमान सांगतो, एक क्रँकचे फिरणे मोजतो. आणि धुराच्या नळीत बसलेला ऑक्सिजन सेन्सर जळून उरलेल्या वायूवरून मिश्रण पातळ होते की दाट, ते कळवितो.

येथेच सारा घोटाळा होतो. दिवा लागला, यंत्र जोडले, यंत्राने ‘मिश्रण पातळ’ असे सांगितले, की ऑक्सिजन सेन्सर खराब असा निकाल दिला जातो. आमच्या मते हे म्हणजे कामगार गैरहजर राहिले म्हणून हजेरी मांडणाऱ्या मुकादमाला कामावरून काढण्यासारखे आहे. सेन्सर हा साक्षीदार आहे. तो खोटे बोलतो असे सिद्ध होईपर्यंत त्याची साक्ष खरी धरावी आणि मिश्रण पातळ का झाले ते शोधावे.

शोध घेताना पहिली चौकशी चालकाचीच करावी. गाडी केव्हा अडखळते? पाय दाबताच एकदा गचका बसून पुढे सुरळीत चालत असेल, तर थ्रॉटलचा सेन्सर किंवा दाबाच्या सेन्सरची नळी संशयास्पद. पुलाच्या चढावर, भरल्या गाडीत, दम हळूहळू सुटत असेल तर पेट्रोल पुरेसे येत नाही. फिल्टर आणि पंप पाहावा. सकाळी थंड असतानाच त्रास असेल तर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर तपासावा. तापल्यावर अचानक बंद पडून निवल्यावर पुन्हा चालू होत असेल तर क्रँकचा सेन्सर किंवा कॉईल. आणि गाडी सतत एका तालात थरथरत असेल तर एखादा सिलिंडर काम करीत नाही असे समजावे. तीन सिलिंडरच्या गाडीत एक बसला की तिसरा हिस्सा बळ गेले. अशा वेळी प्लगची वायर चालू इंजिनात उपटून पाहण्याची जी खोड काहींना आहे ती वाईट. झटका बसतो आणि कॉईलही जळू शकते. त्यापेक्षा एकेका इंजेक्टरची जोडणी सोडून पाहावे. जी सोडल्याने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर दोषी.

मग मल्टीमीटर हाती घ्यावा. तो काहीशे रुपयांत मिळतो. बहुतेक सेन्सरांना संगणकाकडून ५ व्होल्ट मिळतात. थ्रॉटलचा सेन्सर पाय उचललेला असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवितो आणि पाय हळूहळू दाबत गेल्यास सव्वाचार-साडेचारापर्यंत अखंड चढतो. मध्येच काटा पडला तर तेथे आतली पट्टी झिजली आहे, आणि गचका नेमका त्याच जागी बसतो. दाबाच्या सेन्सरची परीक्षा याहून सोपी. चावी फिरवावी, इंजिन चालू करू नये. आपले कोपरगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरांवर आहे. येथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या जवळपास असतो, आणि यंत्रावर तोच आकडा दिसला पाहिजे. ऑक्सिजन सेन्सर तापल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा खालीवर होतो. तो एकाच जागी खिळून बसला तर मात्र त्याच्यावर संशय घ्यावा. तोही धुराची नळी कोठे फुटलेली नाही ना, हे पाहिल्यावर. फुटलेल्या नळीतून बाहेरची हवा आत शिरते आणि बिचारा सेन्सर ‘पातळ, पातळ’ म्हणून ओरडत राहतो.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांमागून धूळ खात चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकात दिलेल्या मुदतीपर्यंत टिकत नाही. उंदीर वायरी कुरतडतात ते निराळेच. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. तालुक्यातील उसाची मळी आसवनीतून फिरून शेवटी आपल्याच टाकीत येते म्हणा ना! ऊस-उत्पादकाला त्याचा फायदा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु अशा इंधनाला हवा कमी लागते, सुमारे साडेतेरा पट. म्हणजे जुन्या हिशेबाने मिश्रण पातळ पडते. इंजेक्टरची गाडी काही प्रमाणात स्वतःस सावरून घेते, कार्ब्युरेटरच्या गाडीला ते साधत नाही. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि टाकीत साठलेला जुना गाळ सोडविते. तो गाळ फिल्टरात जाऊन बसतो. जुन्या गाडीने फिल्टर लवकर बदलावा, हे उत्तम.

शेवटी एक प्रकरण. आमच्या एका सभासदाची २०११ सालची व्हॅन चढावर दम सोडी. ऑक्सिजन सेन्सर दोनदा बदलला होता आणि तिसऱ्याची तयारी चालली होती. आम्ही एका वृद्ध मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी पेट्रोलचा पंप चालू ठेवून मीटरची एक तार पंपाच्या अर्थिंगच्या टोकावर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर धरली. येथे फार तर ०.२ व्होल्ट दिसावेत. दिसले जवळजवळ २. अर्थिंगचा बोल्ट गंजला होता, म्हणून पंपाला पुरती वीज मिळत नव्हती, आणि पुरती वीज नाही म्हणून पेट्रोलचा दाब नव्हता. पॉलिशपेपरने बोल्ट व पत्रा घासला, बोल्ट पुन्हा कसला. गाडी येवल्यापर्यंत नेऊन आणली, कोठेही अडखळली नाही. मूळचा काढलेला सेन्सर मालकाने सीटखाली ठेवला होता. मिस्त्रींनी तोही बसवून पाहिला. तो ठणठणीत होता.