थंडी अडवते ती कोंडलेली हवा

पौषाच्या सुमारास निफाडच्या बाजूला पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याची बातमी अधूनमधून येते. अशा रात्री द्राक्षबागायतदाराला बागेची काळजी लागते आणि ती लागायलाच हवी. पण त्याच रात्री पत्र्याखाली झोपलेली म्हातारी माणसे, तान्ही मुले, गोठ्यातले चार दिवसांचे वासरू यांच्या उबेचा विचार मागे पडतो. ऊब विकत आणावी लागते असा पुष्कळांचा समज आहे. खरे पाहता तिचे सामान कडब्याच्या गंजीत आणि जुन्या लुगड्यांच्या गाठोड्यात घरीच पडलेले असते.

गोधडी स्वतः गरम नसते. ऊब आपल्या अंगाचीच. ती बाहेर निघते, तिला वाटेत अडवायचे एवढेच गोधडीचे काम. लोखंड उबेला चटकन वाट देते, वीट त्याहून पुष्कळ कमी देते आणि न हलणारी हवा जवळजवळ देतच नाही. विटेच्या मानाने अशा हवेतून सुमारे पंचविसावा हिस्सा उष्णता जाते, लोखंडाच्या मानाने सुमारे दोन हजारावा. मात्र हवा हलता कामा नये. मोकळी हवा तापली की हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी गार हवा येते आणि ऊब निघून जाते. म्हणून हवेला बारीक बारीक कप्प्यांत कोंडावे लागते. लुगड्यांच्या थरांत, घोंगडीच्या कुरळ्या लोकरीत, कोंबडीच्या पिसांत हेच घडते. थंडीत कोंबडी अंग फुगवून बसते ती उगीच नव्हे. बाजारातल्या थर्माकोलमध्ये १०० भागांत ९८ भाग हवाच असते!

दबून चपटी झालेली गादी याच कारणाने थंड लागते. कापूस तोच असतो, पण त्यातली हवा निघून गेलेली असते. गादी पिंजून घ्यावी, निदान उन्हात घालून झाडावी. एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ पांघरुणे बरी, कारण दोहोंच्या मध्ये हवेचा आणखी एक थर मिळतो. ओलीपासून मात्र जपावे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट उष्णता वाहून नेते, त्यामुळे दमट गोधडी अंगावर असून नसल्यासारखीच.

आपल्या घरातल्या बायका हे शास्त्र आधीपासून वापरतात. थंडीत विरजणाचे भांडे कणकेच्या डब्यात ठेवतात ते यासाठीच. तीच युक्ती सरपण वाचवायलाही चालते. खोक्यात कोरडे गवत दाबून बसवावे, मध्ये पातेल्यापुरता खळगा ठेवावा. भाताला उकळी आल्यावर पाचेक मिनिटे शिजू द्यावे, मग झाकणासकट पातेले खळग्यात ठेवून वर उशी दाबावी. पाऊण-एक तासात भात होतो. मध्येच झाकण काढून पाहू नये, नाहीतर सगळी वाफ जाते.

आता छपराकडे वळू. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे आतून थेंब टपकतात ते छप्पर गळते म्हणून नव्हे, तर घरातली वाफ त्या गार पत्र्यावर जमते म्हणून. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या बांधून त्यांवर चार बोटे जाडीचा कोरडा पेंढा किंवा पाचट पसरले तर फरक पहिल्याच रात्री कळतो. चुलीच्या वर आणि विजेच्या तारांजवळ हे अजिबात करू नये, आगीचा धोका आहे. उंदीर घर करतात, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी पेंढा काढून खतखड्ड्यात टाकावा.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. कोंडायची ती पांघरुणातली आणि छपरातली हवा. माणसे श्वास घेतात ती नव्हे. दारे-खिडक्या लावून, फटींत चिंध्या कोंबून कोळशाची शेगडी उशाशी ठेवणे म्हणजे मरणाला बोलावणे. त्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. निजण्यापूर्वी शेगडी बाहेर काढावी, मग ती कितीही विझल्यासारखी दिसो.

गोठ्यालाही हाच नियम. वाऱ्याच्या बाजूला गुरांच्या अंगाच्या उंचीपर्यंत आडोसा करावा, वरचा भाग उघडा ठेवावा. गोठ्यात शिरताच डोळे चुरचुरले तर हवा पुरत नाही असे समजावे. वासरू जन्मताच आधी कोरडे पुसावे, कारण ओले केस अंगाला चिकटतात आणि त्यांत हवा राहत नाही. मग बसल्यावर त्याचे पाय दिसेनासे होतील इतका पेंढा खाली टाकावा. रात्री गोणपाटाची झूल घातली तर सकाळी काढून वाळवावी.

कोंबडीच्या पिल्लांना अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते, म्हणून त्यांना बाहेरची ऊब लागते. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. खाली भाताच्या तुसाचा दोन-तीन इंच थर असावा. तापमापक नसला तरी पिल्लेच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे आणि कडेला पळून चोच उघडून बसली तर दिवा वर घ्यावा. ओले झालेले तूस त्याच दिवशी बदलावे.